नमुना क्रमांक एक्केचाळीस

त्र्यंबकच्या गाडीवर अकरा वर्षं झाली.
सीबीएसवरून सुटलं की सातपूरला एक आहे,
पण नळाला पाणी नसतं.
महिरावणीत हॉटेलवाल्याची बायको ओळखीची.
अंजनेरी फाट्यावर काहीच नाही, नुसता डोंगर.
हा नकाशा महामंडळाकडे नाही,
माझ्या पोटात आहे.

पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा मूळव्याध समजून काढे घेतले,
मिरची सोडली, आईने दृष्ट काढली.
ड्रायव्हर सानप एका शब्दाने विचारत नसत.
मी नुसतं पाहिलं की गाडी कडेला,
आणि बॉनेट उघडून
इंजिन तापल्याचं नाटक.

आता डॉक्टर शलाका गांगुर्डेंच्या संशोधनात मी
नमुना क्रमांक एक्केचाळीस.
फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीमागे निळ्या झाकणाची डबी असते;
सासू त्या कप्प्याला हात लावत नाही.
दुर्बीण आत गेली, आतड्याच्या भिंतीचे
तांदळाच्या कणीएवढे सहा चिमटे घेतले.
पडद्यावर मी पाहिलं :
उललेलं डाळिंब, आणि त्यावर माझं नाव.

बहीणही येते, निरोगी बाजूने.
एका ताटात जेवलो, एकाच आडाचं पाणी प्यालो,
गोवरही दोघींना एकाच आठवड्यात.
तिच्या डबीतले जंतू, माझ्या डबीतले जंतू
शेजारी शेजारी मोजतात.
मी विचारलं, मग माझंच का?
डॉक्टर म्हणाल्या, शरीराचे पहारेकरी
घरच्यांनाच चोर समजून झोडपतायत.
ते का, हे अजून माहीत नाही.

माहीत नाही!
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी
माझ्या जिभेला, रागाला, नोकरीला
बोल न लावता उत्तर दिलं.

नव्या गोळ्या चालू आहेत. औषध, की नुसती पिठी,
मला सांगत नाहीत, त्यांनाही ठाऊक नाही.
खरी यादी पुण्यात, सीलबंद.
वहीत मी रोज आकडा लिहिते :
नऊ. सात. परत नऊ. एकदा चार.
चारावर भरवसा ठेवायचा नाही, असं ठरवलंय,
तरी तेवढं पान दुमडून ठेवलंय.

काल अंजनेरी फाट्याजवळ सानपांनी आरशातून पाहिलं
आणि सवयीने वेग कमी केला.
मी पोटाला विचारलं.
ते गप्प होतं.
मागे कुणाची तरी कोंबडी ओरडत होती, पोरं खिडकीशी भांडत होती.
मी घंटीची दोरी ओढली,
दोनदा.