साडेसात तास

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जहाज लागेल.
साडेतीनला सगळ्यांनी परत, चारला शिडी वर.
मधले साडेसात तास
ऋजुता पिवळ्या पेनानं रंगवून गेली आहे.
"आई, तिथं उतरू नका. सगळे सांगतात."

सगळे म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
सीवूड्सला आमच्या इमारतीत
मजल्यागणिक एक जहाजी माणूस
आणि प्रत्येकाचं एकेक वाईट बंदर.
तळमजल्याचे फर्नांडिस सांगतात, पाकीट पुढच्या खिशात.
(साडीला पुढचा खिसा कुठला?)
चौथ्या मजल्यावरचे कुलश्रेष्ठ म्हणाले,
दोन पाकिटं ठेवा, एक द्यायला.
हे मला पटलं.
चोराचं वेगळं काढून ठेवायचं,
गाईचा घास काढतो तसं.

आडनाव तांडेल,
पण मी पाण्यावर गेले ती फक्त मोऱ्याच्या लाँचनं,
भाऊच्या धक्क्यापर्यंत.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली.
'उतरू नये' खाली: गुडघा.
मालतीवहिनींना रस्ता ओलांडायला हात लागतो.
पासपोर्ट.
पाटल्या.
बेचाळीस वर्षं झाली, मनगट सोडत नाहीत.
साबण झाला, खोबरेल झालं,
दुधाची पिशवी हातात चढवून ओढून पाहिलं.
बेलापूरचा सोनार म्हणाला, कापाव्या लागतील, काकू,
आणि करवत दाखवली, केसाएवढ्या दातांची.
म्हटलं, बघते.

'उतरावं' खाली एकच गोष्ट आहे,
ती अजून लिहिलेली नाही.

ह्याच बंदरातून धर्मा एका बुटावर परत आला होता.
शहाऐंशी साल. मी करंज्याला, सासरी.
पत्रात तीनच वाक्यं:
इथे पाऊस नाही. माणसं बरी आहेत. एक बूट हरवला.
एक बूट कसा हरवतो माणसाचा?
चार महिन्यांनी घरी आला तेव्हा विचारलं.
कोलंबी सोलत बसला होता.
"पळताना," म्हणाला,
आणि सोलत राहिला.
मनगटावर घड्याळ नाही, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं.
बरगडीखाली एक पांढरी रेघ होती,
तिला तो शेवटपर्यंत 'हॅचचा पत्रा' म्हणत गेला.

मला ती माणसं बघायची नाहीत.
फाटक बघायचं आहे फक्त.
फाटकापासून धक्का किती लांब,
आणि पळणाऱ्याच्या कुठल्या हाताला समुद्र होता.

आणि समजा आपल्याकडे लागलं एखादं जहाज,
तर त्यातल्या बाईला करावे-नेरूळचं काय सांगतील?
तळ्याकडे फ्लेमिंगो बघायला एकट्या जाऊ नका.
खोटं नाही.
माझी बोरमाळ तिथंच गेली, सकाळी नऊला,
लख्ख उन्हात, मॉर्निंग वॉकवाले आजूबाजूला.
मोटरसायकलवरचा पोरगा म्हणाला,
"मावशी, सेक्टर पन्नास कुठं आलं?"
आणि मी हात लांब करून दाखवलं.
गळ्यावरचा ओरखडा आठ दिवसांत गेला.
अजून त्याच बांधावर चालते रोज.
कोणी पत्ता विचारला तर अजून सांगते,
दुसरा हात गळ्यावर ठेवून.

गाडी जहाजवाल्यांचीच घ्यायची.
साडेतीन कसले, दोनलाच परत.
मालतीवहिनी जहाजावर थांबतील, त्यांना पत्ते आहेत.
चोराच्या पाकिटात किती ठेवावेत, हे ठरत नाही.
फार कमी ठेवले तर तो चिडेल.

ऋजुताला म्हटलं, बघू गं, तिथली हवा कशी असेल त्यावर.
ब्लाउज मात्र टाकलंय शिवायला,
मनगटाच्या खाली येतील अशा बाह्यांचं.
शिंपी म्हणाला, काकू, मे महिन्यात?
म्हटलं, बोटीवर एसी फार असतो.