बुडाचं वर

काचेच्या दोन लिटरच्या भांड्यात
सगळ्यांना सगळं एकाच वेळी मिळत होतं.
साखरेचा थेंब पडला की
पापणी लवेपर्यंत घरोघर पोचलेला.
त्याच भरवशावर आम्ही बुटीबोरीत
ऐंशी हजार लिटरची टाकी उभी केली,
तीन मजली. खिडकीतून बॅटरी मारली
तर फेस, आणि फेसामागे काळोख.

साखर वरून पडते.
हवा खालून येते.
वरच्या पेशी साखरेने तुंबलेल्या, धाप लागलेल्या,
खालच्या भरभरून श्वास घेतात, उपाशी.
दीड मिनिटात एक फेरी:
एक सण, एक उपास,
पुन्हा सण.
अशाने कुणाचं अंग धरेल?

मी म्हटलं, मोटर वाढवू.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
थंडाव्याचं पाणीच कोमट येत होतं.
वेग वाढवला तर आच वाढली, बिल वाढलं,
आणि द्रव आपला गोल गोल,
शेजाऱ्यासकट फिरणारा,
कुणी कुणाला भेटेना.

निकोसे फिटर जाळीवर उकिडवा बसलेला,
उमरेडकडच्या लग्नांत कढया ढवळलेला माणूस.
"मॅडम, गरगर फिरवलं तं भाजी बी फिरते अन् झारा बी.
बुडाचं वर आना लागते.
अन् हे एकाच तोंडानं काहून वाढता?
पंगत मोठी असन
तं वाढपी मधातून बी सोडा लागते."

मी हिशेब मांडला. तीन रात्री.
उत्तर त्याच्याच कढईत निघालं.

शटडाऊनमध्ये वरचं पातं बदललं,
तिरपं, खाली ढकलणारं.
भिंतीची एक आडपट्टी सुटून लोंबत होती,
कधीपासून, कुठल्याच वहीत नाही.
साखरेच्या नळीला तीन तोंडं केली.
मग साध्या पाण्यात मीठ ओतून घड्याळ लावलं:
एकशे चाळीसचे सत्तावन्न सेकंद.

"म्हंजे?" निकोसेने विचारलं.
म्हटलं, शेवटच्या पानावर वरण सत्तावन्न सेकंदांत.
"थंडं नसन झालं तं बरं," म्हणाला,
आणि पाना पुसत जिना उतरला.

आज रात्रपाळीत पडद्यावर ऑक्सिजनची रेघ
बरीचशी सरळ चालते आहे.
फक्त तळाशी, उत्तरेच्या जोडापाशी
एक लहानसा खळगा,
दर काही मिनिटांनी, जागेवर.
मी त्यावर बोट ठेवून बसले.
मग लॉगबुकात लिहिलं, तीन वाजून दहा:
तळ, उत्तर बाजू.
इथे अजून वाढपी आलेला नाही.