तार

डुलुथमध्ये, ऐन जानेवारीत,
बर्फ पडायचा बंद झाला म्हणून कुणी फोन करतं
तेव्हा आधी हसूच येतं.
बाहेर उणे अठ्ठावीस. सरोवर नजर पोचेल तिथवर घट्ट.
व्हॅनचं दार उघडायला मला खांदा लावावा लागला.

टाउनो किवेला, वय चौऱ्याऐंशी,
पायात मोज्यांचे दोन जोड, स्वेटरच्या कोपराला ठिगळ.
दारातच म्हणाले, ‘सत्तावीस डिसेंबरपासून.’
कुणी गेल्याची तारीख सांगावी
तशी सांगितली.

एकोणीस वर्षं करतेय मी हे काम.
फ्रीजरचं तापमान पाहिलं, ठीक.
सिंकखालचा नळ पूर्ण उघडा.
फिल्टर नवा, वर पेन्सिलीने महिना लिहिलेला.
मग माझा नेहमीचा संशय, नळीवर.
बाहेरच्या भिंतीला लागून गेलेली असली
की तोंडाशी बोटभर गोठते,
आणि बर्फच बर्फाची वाट अडवून बसतो.

‘हेअर ड्रायर आहे?’
ते आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत.
आणला तो गुलाबी, वायर आठाच्या आकड्यात गुंडाळलेली,
मागच्या जाळीत अडकलेला एक लांब पांढरा केस.
मी तो काढला नाही.
दहा मिनिटं गरम वारा सोडत राहिले.
नळी मोकळीच होती. गोठलेलं काही नव्हतंच तिथे.

मग फ्रीज पुढे ओढला.
मागे एक सुकलेला वाटाणा, विणायची सुई,
आणि तीस वर्षांची धूळ, मऊ, मांजरासारखी.
व्हॉल्व्हला मीटर लावला. आकडे बरोबर.
मला घाम फुटला होता, उणे अठ्ठाविसात.

‘कशात घालता एवढा बर्फ?’ गुडघ्यांवर बसल्या बसल्या विचारलं.
‘कशातच नाही. दात शिवशिवतात.’
‘मग?’
‘रात्री पडतो ना तो.
तीनच्या सुमाराला. आधी पाणी भरल्याचा आवाज,
मग बऱ्याच वेळाने खळ्ळकन.
वाटतं, स्वयंपाकघरात कुणीतरी उठलंय.
मग मी कूस बदलतो.’

यावर काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही.
कुठेतरी बघायचं म्हणून पुन्हा फ्रीजरमध्ये बघितलं
आणि दिसली.

तार. हँगरच्या तारेएवढी जाड.
पेटी भरली की बर्फ तिला वर ढकलतो,
ती यंत्राला सांगते, पुरे.
पेटी रिकामी होती, आणि तार वर.
सगळ्यात आधी हे बघायचं असतं.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हे घोकून घेते.

‘कुणी आलं होतं का घरी?’
‘काइसा. मुलगी. नाताळाला, टुसॉनहून.’
जरा थांबले.
‘इथे बाहेर सोफ्यावर झोपायची.
झोप लागत नाही म्हणत होती.’

दोघंही त्या तारेकडे बघत राहिलो.
एका बोटाने वर जाते. एका बोटाने खाली येते.
मी त्यांना करून दाखवलं. त्यांनी तीनदा करून पाहिलं,
तिसऱ्यांदा चष्मा काढून.

फेरीचे पंच्याण्णव डॉलर. निम्मेच द्या म्हटलं,
तर रागावले. चेक लिहिला,
अक्षरी रक्कम सावकाश, रेघेवर.
‘पहिल्या दोन वेळचा बर्फ टाकून द्या,’ मी म्हणाले, ‘त्याला वास येतो.’
‘मी खात नाही,’ त्यांनी आठवण दिली.

दारात बूट चढवताना मागे पाहिलं.
भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरपाशी उभे होते,
पाठमोरे, पेन्सिलीचं टोक जिभेला लावत,
पानं उलटत मार्चपर्यंत गेलेले.
चौदा तारखेच्या चौकोनात लिहिलं : काइसा. तार वर.
मग बोटाने दिवस मोजत
अठरावर आले :
तार खाली.