चार मायक्रॉन

पुएर्तो मोंतच्या या तळघरात
मेणाच्या ठोकळ्यांना नावं नसतात, आकडे असतात.
आज कागद उताणा पडला म्हणून वाचलं गेलं:
बेलिसारिओ वेंचूर, वय एकाहत्तर, केम्ची.

केम्ची म्हणजे माझं गाव.
वेंचूर म्हणजे ज्यानं माझ्या बापाची होडी बांधली,
फळीफळीवर बोटांची पेरं आपटून, कान लावून,
आणि एक फळी परत पाठवली.
वरून धडधाकट होती ती.

सोबत रक्ताचा अहवाल. पीएसए एक पूर्णांक दोन.
एवढासा आकडा पाहून कुणीही म्हणेल, जा बाबा, मजेत राहा.
वर्षभर तसंच म्हणाले त्याला.
कंबर दुखते? वय झालं.
लघवी अडते? वय झालं.

मी पातं लावतो, चाक फिरवतो.
चार मायक्रॉनचा पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगतो
सायीसारखा.
तो काचेवर उचलताना आज हात जपून चालला.
रोजच चालतो खरं तर. आज मला ते कळलं.

डॉक्टर ओयार्सून हाक मारतात,
दुसऱ्या भिंगाला डोळा लाव.
ग्रंथी कुठायत? नाहीतच.
नुसती निळी दाटी. पेशीला अंग असं नाही, सगळं केंद्रकच,
एकमेकींना रेटून चेपलेल्या,
मधेमधे मेलेल्यांचा चुरा.
"घाईत आहेत या," त्या म्हणतात.

मग दोन दिवस रंगांची वाट.
पीएसएचा रंग धरलाच नाही, काच कोरी.
सिनॅप्टोफायसिन मात्र गडद तपकिरी,
होडीच्या सांध्यात भरलेल्या डांबरासारखं.
"लहान पेशींचा. म्हणून रक्तानं चुगली केली नाही.
फुफ्फुसातून आलेला नाही ना, तेही बघू दे त्यांना."
अहवाल लिहिताना त्या 'दुर्मिळ' या शब्दाशी थांबल्या
आणि तो खोडला.
त्याचं काय करणार आहे तो म्हातारा?

शनिवारी मी फेरीनं घरी जाणार.
धक्क्यावर तो भेटतोच, विचारतोच,
बापाची होडी गळते का रे?
अहवाल पोचेल सोमवारी.
तोवर ही गोष्ट मला ठाऊक, त्याला नाही,
आणि आहे मात्र त्याच्याच पोटात.

मी म्हणेन, नाही गळत, दोन बेलिसारिओ.
तो मान हलवेल,
आणि सवयीनं माझ्या पाठीवर
बोटांची पेरं आपटेल,
कान देऊन.