दिवसा लावायचं

खोक्यावरची ओळ माझीच :
हलकं, पांढऱ्या फुलांचं, दिवसा लावायचं.
ग्रासच्या ऑफिसात लिहिली होती, नोव्हेंबरात,
अकरा पट्ट्या हुंगून नाक बधिर झालेलं
आणि मी स्वतःच्याच स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून बसलेले.
(नाक ताळ्यावर आणायचा तो एक उपाय.
पहिल्याच आठवड्यात शिकवतात.)

एप्रिलात नाबलला आले, बाटली घेऊन.
शेदलिया खाला शिडीवर.
खाली जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर
कडू संत्र्याची फुलं नुसती येऊन पडत होती,
आवाज नाही,
जाड, मेणाची असावीत तशी.
"उन्हं चढली की यांचा जीव जातो," ती वरूनच म्हणाली.
"बोलू नकोस. वेच."

वेचली. नऊ वाजेतो.
प्रत्येक फुलाशी माझ्याआधी मधमाशी जाऊन आलेली.
मग चार चार किलोचं माप, काट्यावर बशीरकाकाचा अंगठा,
त्या अंगठ्यावरून भांडण, दरवर्षीचं,
मग अंगणात तांब्याचं भांडं, मंद जाळ,
सांध्याला कणीक लिंपलेली,
नळीच्या टोकाशी थेंब.
दोन थेंबांच्या मध्ये इतका वेळ
की खालाची एक अख्खी तक्रार मावते.
जावई.
थेंब.
वीजबिल.
थेंब.
गुडघा.

दुपारी बाटली हातात दिली.
तिनं झाकण हुंगलं. मग उठून हात धुतले, पुसले,
मग मनगटावर घेतलं.
डोळे मिटले नाहीत. मिटेल असं मला वाटलं होतं.
"लिंबू," म्हणाली. "महाळुंगाची साल, आतली पांढरी.
मोगरा आहे, पण खिडकीबाहेर उभा.
आणि आपलं फूल...
आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलंय.
तांबं कुठाय?"

तांबं काढलं, मी म्हटलं.
धूरही. देठाचा कडवटपणाही.
गिऱ्हाइकाला चालत नाही.

"आणि दिवसा का?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी शिकवलेलंच बोलले : रात्रीचे वास जड,
ऊद, अंबर. दिवसा बस असते, ऑफिस असतं,
शेजारच्याला त्रास नको.
ती ऐकत होती, जाळ सारखा करत.
तिच्याकडं वास होता तो अंधार पडल्यावरचाच.
लग्नाच्या रात्री मानेवर, एकदा.
पोराला ताप चढला तेव्हा कपाळावर, पहाटेपर्यंत.
खालूला नेल्यावर, दिवे लागताना,
आलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत थोडं थोडं.
दिवसा ती वेचणारी.
आणि वेचणाऱ्याला तिसऱ्या दिवसापासून
फुलांचा वास येत नाही.
बागेत चाळीस बायका असतात,
वास फक्त रस्त्यावरून जाणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला
डोक्याला रुमाल बांधला, चप्पल काढली,
आणि शिडीवर चढायच्या आधी
खालानं गळ्यापाशी दोनदा फवारलं.
"खाला! या एवढ्या बहरात? कुणाला कळणारे?"
"मला," ती म्हणाली, आणि चढली.

काट्यापाशी बशीरकाकानं नाक वर केलं,
इकडं बघितलं, तिकडं बघितलं.
अंगठा मात्र जिथल्या तिथं.

मी परत आले. ओळ बदलावी म्हटलं,
पण बदलून काय लिहायचं ते सुचेना,
आणि खोकी छापून झालेली.
जूनमध्ये तिचा फोन आला.
बहर संपलेला, भांडं घासून उपडं ठेवलेलं.
बाटलीही संपली होती.
रोज लावायची म्हणे, सकाळी, भाजी आणायला जाताना,
एकदा तर दाताच्या डॉक्टरकडं.
"ते चांगलंय," म्हणाली,
"तुमचं ते दिवसाचं.
पुढच्या वेळी जरा तांबं घाल."