त्रेचाळीस माणसं, दोन रात्री

गावखडीच्या सुरूबनाखाली
चपला हातात घेऊन मी किनारा पावलांनी मोजतोय.
पहाटेच्या गाडीनं इचलकरंजी सोडली, रत्नागिरीत गाडी बदलली.
खिशात सूतगिरणीच्या जुन्या डायरीचं पान :
मोठी एकतीस, अर्धी नऊ, फुकट तीन.

तोडणकर वहिनी म्हणाल्या, माणशी अकराशे.
मी म्हणालो, साडेनऊशे.
त्या बोलल्या नाहीत काही, सोलकढी पुढं केली.
पेला रिकामा करून मीच म्हणालो, हजार.
सुरमई परवडायची नाही एवढ्यात, बांगडा देईन.
चालेल.
बारा घरं, घरटी सहा हजार,
दोन रात्रींचं भागून हजार उरतात,
त्यात गोळ्या-औषधं. गाडीचं वेगळं.

खोल्या सहा, गाद्या अठ्ठावीस,
कमी पडतील त्या पावसहून मागवू.
आमच्या गल्लीतला गादीवाला फोनवर आवाज ओळखतो माझा.
गाद्या हव्यात म्हटलं की विचारतो,
कोण गेलं?

त्याचंही बरोबर आहे.
आम्ही सगळे जमतो ते दहाव्याला नाहीतर तेराव्याला,
कुणाच्या तरी हार घातलेल्या फोटोसमोर,
हळू आवाजात एकमेकांच्या मुलांची नावं विचारत.
पुष्पाआत्या म्हणाली, "पण कारण काय रं?
शेजारणीला काय सांगू, कशाबद्दल चाललोय?"
रेवणनं विचारलं, रेंज येते का.
पुण्याहून प्रणोतीचा मेसेज : एसी? कमोड?
कमोड आहेत दोन. एसीचं काम समुद्र करतो असं मी लिहिलं,
तिनं अंगठा पाठवला, कुठल्या अर्थानं कळलं नाही.

अडलंय ते चार नंबरच्या खोलीपाशी.
आठ मागांची वाटणी झाली त्याला अकरा वर्षं झाली,
बंडूनानांना चार, तात्यांना चार,
कांडी मशीन तेवढं एकच होतं.
ते कधीच भंगारात गेलं.
भांडण अजून चालू स्थितीत आहे.
तेराव्याला एक मांडवाच्या या खांबाला बसतो, एक त्या,
आणि आम्ही पत्रावळ्या घेऊन मधून ये-जा करतो.

वहिनींचे सासरे पडवीत जाळं सांधत होते.
म्हणाले, "तारीख नको सांगू, तिथी सांग.
तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ.
पुनवेला, अवसेला उधाण. पाणी या सुरूच्या मुळापर्यंत येतं
नि ओहोटीला इतकं मागं जातं
की हाक मारलीस तरी पोचायची नाय.
अष्टमीला भांग.
लय चढत नाय, लय उतरत नाय."

आठाची पाऊणपट सहा.
मी डायरीच्या पानावर तरी करून पाहिली,
आयुष्यभर पगारपत्रकं केली, तोंडी हिशोबावर विश्वास बसत नाही.
अष्टमी, संध्याकाळी सहा.
पोरं पाण्यात, बायका पदर खोचून घोट्याएवढ्यात,
आणि दोन म्हातारे लेंगे वर करून.
उठून लांब जाऊन बसावं
इतकी वाळू तेव्हा शिल्लक नसेल.
समोर मांडव नाही, खांब नाही, फोटो नाही.
बघायला एकच गोष्ट, आणि ती दोघांची सारखीच.

माघातली अष्टमी बुधवारी येते.
बुधवारी गर्दी नसते, वहिनींनी आपणहून पन्नास कमी केले.
वहीत त्यांच्या एक रकाना आहे, निमित्त :
वरच्या ओळीत साखरपुडा, त्याच्यावर कुणाची पंचाहत्तरी.
आमच्यापुढं त्यांचं पेन थांबलं.
राहू दे म्हटलं, नंतर भरू.
चार नंबरच्या खोलीत दोन नावं लिहायला सांगितली,
पेन्सिलीनं.

निघताना म्हातारा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला,
"वारा फिरला तर मात्र माझा हिशोब चुकतो हां."
मी पाच हजार ॲडव्हान्स मोजून दिला
आणि पूर्णगडच्या पुलाकडं गाडी येतेय का बघत उभा राहिलो.