साडेतीनशे ग्रॅम

कंपनीनं टार्गेटवर नेलं आम्हाला बँकॉकला.
आष्टा, बागणी, दुधगाव, कवठेपिरान,
खतवाले-बियाणेवाले मिळून बेचाळीस डीलर.
थायलंडला माणसं काय बघायला जातात
हे घरोघरच्या बायका आधीच ओळखून होत्या.
मी बाजार बघून आलो.
शपथेवर सांगतो, बाजार.

पाणी चहाच्या रंगाचं, नावेला नाव घासत चाललेली.
एकीत चूल, एकीत आंबे, एकीत नुसत्या टोप्या.
सुकुमार चौगुले प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून विचारायचा,
"ह्यात अंडं?"
ती माणसं हसून मान हलवायची.
हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला ठाऊक.
तो दिवसभर शहाळ्यावर राहिला.

मी नावेची कड सोडली नाही.
याआधी बोटीत बसलो ते एकदाच,
सांगलीत, पुरात, गणपती पेठेतून.
मांडीवर धाकटी, डोक्यावर सात-बाऱ्याची पिशवी,
हाताला लागतील एवढ्या जवळ दुकानांच्या पाट्या.
आमचाही बाजार तरंगला होता तेव्हा:
खुर्च्या, सिलिंडर, कुणाचं तरी देवघर.
गूळ तेवढा तरंगला नाही.
गोदामातल्या ढेपा बसल्या जागी विरघळल्या.
पाणी उतरल्यावर कितीतरी दिवस
तिथल्या फरशीला चप्पल चिकटायची.

कालव्याच्या काठावर एक छप्पर.
काहील आपल्यापेक्षा लहान, वास मात्र ओळखीचा,
म्हणजे ओळखीचा, आणि नाहीसुद्धा.
नावाडी म्हणाला, शुगर, कोकोनट.
बाईनं बांबूचं नळकांडं कलतं करून दाखवलं,
आत नारळाच्या तुऱ्याचा रस, तळाशी लाकडाच्या ढलप्या.
तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत
पांढरे ठिपके होते, पाक उडालेले.
मी कॅल्क्युलेटर पुढं केला.
सवयीनं घासाघीसही केली.
सहा वड्या, नारळाच्या झावळीत बांधलेल्या.

घरी बायकोनं बॅग दोनदा झाडली.

आबा चाळीस हंगाम गुळव्या होते.
पाकाची गोळी पाण्यात टाकून, परातीवर मारून
आवाजावरनं काहील उतरवणारे.
त्या गुऱ्हाळात आता कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा असतो.
वडी त्यांनी आधी कानाजवळ मोडली.
मग हुंगली.
मग जिभेवर ठेवून भिंतीकडं बघत बसले.

"ऊस न्हाई ह्यो."
"न्हाई."
"झाड हाय. नारळ."
मी गप्प.
"एक उकळी आधी उतरीवलंय. चुकून न्हवं, मुद्दाम."
परत थोडा वेळ.
"आन् कसलं तरी लाकूड घातल्यालं हाय. तुरट लागतंय शेवटाला.
रस आंबू न्हाई म्हणून आसंल.
आपुन मळीला भेंडी घालत हुतो, तशी काय तरी युक्ती."

ढलप्यांचं मी बोललोच नव्हतो.

"गडी हाय का बाई?"
"बाई."
"जळण काय घालती? किती वाजता उठती?
दिवसात किती काहिली?"

मला काहीच सांगता येईना.
मी फक्त दर विचारला होता.

"विचारायचं हुतंस," आबा म्हणाले,
आणि उरलेली अर्धी वडी गालात धरून
बाही वर सारून
आपलाच हात उलटसुलट बघत राहिले.

चारच्या सुमारास सुकुमारचा फोन आला.
त्यानंही गुपचूप घेतली होती पुडी,
आठ दिवस कपाटात, कोण हात लावत नव्हतं.
"आबास्नी विचार की गा," म्हणाला,
"ह्यात अंडं न्हाई न्हवं?
आन् दिवस मावळायच्या आत सांग."